लाखावर पळालेली गाडी घ्यावी का?

सेकंडहँड गाडीच्या व्यवहारात पहिला प्रश्न ठरलेला असतो : "रनिंग किती झालंय?" उत्तर पाच आकडी आलं तर बोलणी पुढे सरकतात. सहा आकडी आलं की घेणाऱ्याचा चेहरा पडतो आणि एजंट लगेच शेजारच्या गाडीकडे वळतो. "मग ही बघा साहेब. डॉक्टरांची गाडी, एकहाती, फक्त अठ्ठेचाळीस हजार." आपल्या बाजारात एक लाख किलोमीटर ही लक्ष्मणरेषाच होऊन बसली आहे. विकणाऱ्यांनाही ती पक्की ठाऊक असते. म्हणूनच पंच्याण्णव हजारांच्या आसपास गाडी विकायला काढणारे पुष्कळ, आणि लाख ओलांडलेला आकडा गुपचूप सत्तर हजारांवर आणून ठेवणारेही आहेतच.

इंजिनातल्या पिस्टनला मात्र लाखाचा आकडा कळत नाही. तो किती वेळा वर-खाली झाला, कसल्या तेलात झाला आणि किती वेळा थंड असताना झाला, एवढ्यावरच त्याची झीज ठरते. मीटरवरचा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

दोन स्विफ्ट, एक हिशेब

समजा, २०१७ सालच्या दोन पेट्रोल स्विफ्ट समोर आहेत. दोन्ही एकहाती. पहिली पुण्यात शहरातल्या शहरात फिरलेली : मुलांची शाळा, भाजी, बँक, रविवारी नातेवाईक. मीटरवर ४८,००० किलोमीटर. दुसरी औषध कंपनीच्या प्रतिनिधीची. नागपूरहून अमरावती, यवतमाळ, चंद्रपूर अशा फेऱ्या मारणारी. मीटरवर १,३२,०००. बाजार पहिलीला डोक्यावर घेईल आणि दुसरीला नाक मुरडेल.

आता किलोमीटर सोडून तास मोजू. पुण्याच्या रहदारीत सिग्नल धरून गाडीची सरासरी ताशी २० किलोमीटर धरली, तर ४८,००० किलोमीटर कापायला इंजिन २,४०० तास चाललं. महामार्गावरच्या गाडीची सरासरी, गावातली वळणं आणि चहाचे थांबे धरून, ताशी ५५ धरू. १,३२,००० भागिले ५५, म्हणजे तेही २,४०० तास. मीटरवर पावणेतीनपट फरक, पण इंजिनाच्या लेखी दोन्ही गाड्या सारख्याच वयाच्या.

फेऱ्यांचा हिशेब केला तर चित्र आणखी स्पष्ट होतं. पाचव्या गिअरमध्ये ताशी ८० ने जाणाऱ्या छोट्या पेट्रोल गाडीचं इंजिन मिनिटाला साधारण २,४०० फेरे घेतं, म्हणजे किलोमीटरला १,८००. शहरात पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, मधूनमधून नुसतं उभं राहून, सरासरी १,४०० फेरे धरले आणि वेग २० धरला, तर किलोमीटरला ४,२०० फेरे होतात. शहरातला एक किलोमीटर इंजिनासाठी महामार्गावरच्या दोन किलोमीटरांहून जड जातो, तो असा.

थंड इंजिनाची गोष्ट वेगळीच. रात्रभर उभ्या गाडीतलं ऑइल खाली चेंबरमध्ये उतरलेलं असतं. सेल्फ मारल्यावर ते वरच्या भागात पोहोचेपर्यंत धातू धातूवर जवळपास कोरडाच घासतो. दोन किलोमीटरवरच्या शाळेपर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीचं इंजिन पुरतं तापतच नाही. जळताना तयार झालेली पाण्याची वाफ आणि न जळलेलं पेट्रोल ऑइलमध्ये मिसळतं आणि तिथंच राहतं. लांब पल्ल्यावर ऑइल नीट तापतं आणि हे सगळं उडून जातं. कंपन्या सर्व्हिसच्या पुस्तकात "१०,००० किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते" असं लिहितात, त्यातला वर्षाचा मुद्दा कमी फिरणाऱ्या गाड्यांसाठीच असतो. आणि नेमके कमी फिरवणारेच म्हणतात, "एवढी चाललीच कुठं, पुढच्या वर्षी करू सर्व्हिसिंग."

क्लच आणि ब्रेक यांचंही तसंच. सिंहगड रस्त्यावर संध्याकाळी सहा वाजता अर्ध्या क्लचवर सरकणारी गाडी एका तासात जेवढी क्लचप्लेट खाते, तेवढी महामार्गावरची गाडी आठवड्यातही खात नाही.

म्हणून किलोमीटर निरुपद्रवी असतात असं मात्र नाही. चाकांचे बेअरिंग, शॉकअप, लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, अल्टरनेटर, डिझेल गाडीचे इंजेक्टर आणि टर्बो यांची झीज अंतराबरोबर होतेच. खड्ड्यांच्या रस्त्यावर ती दुप्पट होते. फरक एवढाच, की यातल्या बहुतेक वस्तू बदलता येतात आणि त्यांची किंमत आधी विचारता येते.

कायदा वर्षं मोजतो

बाजार किलोमीटरला घाबरतो, पण सरकार आणि विमा कंपन्या वर्षं मोजतात. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची. त्यानंतर गाडीची तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण आणि महाराष्ट्रात त्यासोबत पर्यावरण कर. नूतनीकरणाचं शुल्क ६०० रुपये होतं, ते १ एप्रिल २०२२ पासून ५,००० झालं. विम्यातली गाडीची घोषित किंमतही वयावरच उतरते : दोन ते तीन वर्षांच्या गाडीला ३० टक्के घसारा, चार ते पाच वर्षांच्या गाडीला ५० टक्के. तिथं रनिंग कोणी विचारत नाही.

मुंबईची काळी-पिवळी प्रीमियर पद्मिनी आठवा. तिथं टॅक्सीला २० वर्षांची मर्यादा आहे. शेवटच्या पद्मिनीची नोंदणी ऑक्टोबर २००३ मध्ये ताडदेव आरटीओत झाली होती आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिचे दिवस भरले. त्या टॅक्सीला निवृत्त केलं ते कॅलेंडरनं, मीटरनं नव्हे.

रबर आणि प्लॅस्टिकही वर्षांनीच म्हातारं होतं. उन्हात उभ्या असलेल्या गाडीचे टायर न फिरताही कडक होतात, दारांची रबरं आणि कूलंटचे पाइप चिरतात, बॅटरी बसते. म्हणून बारा वर्षांची ३५,००० चाललेली आणि पाच वर्षांची १,१०,००० चाललेली अशा दोन गाड्या एकाच भावात मिळत असतील, तर दुसरी जास्त विचार करण्यासारखी असते. तिच्या नोंदणीची दहा वर्षं अजून शिल्लक आहेत, सुटे भाग सहज मिळतात, एअरबॅगसारखी सुरक्षेची सोय नव्या नियमांनुसार आहे. ती जास्त पळाली हे खरं, पण थोड्या वर्षांत एवढं पळालेली गाडी बहुधा मोठ्या रस्त्यावरच पळालेली असते.

आकडा खरा कशावरून?

हे सगळं मीटर खरं असेल तर. पूर्वी मीटरची केबल काढून ड्रिल मशीननं उलटी फिरवत. आता आकडा मीटरमधल्या चिपमध्ये असतो आणि लॅपटॉप जोडून तो काही मिनिटांत बदलता येतो. अमेरिकेत मीटर मागे करण्याविरुद्ध १९७२ पासून केंद्रीय कायदा आहे. बेल्जियममध्ये २००६ पासून गॅरेजांनी प्रत्येक कामाच्या वेळचे किलोमीटर एका मध्यवर्ती संस्थेकडे कळवायचे आणि गाडी विकताना त्याचा दाखला द्यायचा, असा नियम आहे. आपल्याकडे आरसीवर किलोमीटरचा उल्लेख नसतो. त्यामुळे शोध आपणच घ्यायचा.

पहिला पुरावा कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा. गाडीच्या नंबरवरून तिथं जुन्या सर्व्हिसिंगची नोंद निघते, तारीख आणि किलोमीटरसकट. मालकाला सोबत घेऊन जा किंवा त्यालाच ती काढून मागा. २०२१ मध्ये ६८,००० आणि आज ६१,००० असं दिसलं तर पुढं बोलायचं कारण नाही. तीन वर्षं नोंदच नसेल, तर त्या काळात बाहेर काम केल्याची बिलं मागा.

दुसरा पुरावा टायरचा. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. "२३१९" म्हणजे २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. कंपनीतून आलेले टायर साधारण चाळीस-पन्नास हजार किलोमीटर जातात. गाडी २०१९ ची, मीटर ३१,०००, आणि चारही टायर २०२३ चे असतील तर विचारा, "पहिले टायर एवढ्यात का बदलले?" उत्तर असू शकतं, पण ते पटायला हवं.

तिसरा पुरावा माणसाच्या हातापायांचा. ब्रेक पेडलच्या रबराची जाळी गुळगुळीत झालेली, स्टिअरिंगचा वरचा भाग चकाकणारा, चालकाच्या सीटची दाराकडची कड बसलेली, आणि मीटर मात्र चाळीस हजार? पेडलवर कोरं करकरीत रबर आणि सीटवर नवं कव्हर असेल तर अधिकच सावध व्हा. तीस-चाळीस हजारांत पेडलचं रबर बदलावं लागत नाही.

गंमत अशी, की १,३२,००० दाखवणाऱ्या मीटरवर विश्वास ठेवायला तुलनेनं सोपं जातं. मीटर मागे करणारा माणूस ते सहा आकड्यांत कशाला ठेवेल?

इंजिनाची परीक्षा

गाडी सकाळी बघायला जा आणि आधी कळवा, की सुरू करून ठेवू नका. गेल्यावर पहिल्यांदा बोनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कुणीतरी थंड इंजिनाचा आवाज लपवला आहे. थंड इंजिन सुरू करताना मागे एक माणूस उभा करा. निळसर धूर म्हणजे इंजिन ऑइल जाळतंय. गोडसर वासाचा, दाट, विरत नसलेला पांढरा धूर म्हणजे कूलंट आत शिरतंय. डिझेल गाडी रेस करताच काळा ढग सोडत असेल तर इंजेक्टर, टर्बो किंवा हवेच्या मार्गात काहीतरी बिघाड आहे.

इंजिन चालू असताना वरचं ऑइलचं झाकण सैल करून उचला. थोडी वाफ ठीक. पण आगगाडीच्या इंजिनासारखा भपका बाहेर येत असेल, तर मेकॅनिक "बॅक कम्प्रेशन आहे" म्हणेल. पिस्टनच्या रिंगा झिजल्या, जळता वायू खाली निसटतोय आणि इंजिनाचं काम निघालंय. झाकणाच्या आत दुधाळ चिकट थर असेल तर ऑइलमध्ये पाणी आहे. कूलंटच्या डब्यात तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केटची शंका घ्या.

क्लचसाठी मोकळ्या सपाट जागेत हँडब्रेक पूर्ण ओढा, तिसरा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. इंजिन बंद पडलं तर क्लच चांगला. ते तसंच गुरगुरत राहिलं तर प्लेट घसरते आहे. मग स्टिअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फेरी मारा. पुढच्या चाकातून टकटक आली तर एक्सलचा जॉइंट गेला. गतिरोधकावरून खडखड आली तर बुश आणि लिंक. एसी पंधरा मिनिटं चालवा. कूलिंग कॉइल गळत असेल तर अनेक गाड्यांत डॅशबोर्ड उतरवावा लागतो, आणि मजुरीच भागाच्या किमतीशी स्पर्धा करते.

एवढं झालं की ओळखीच्या मेकॅनिककडे रॅम्पवर चढवा आणि स्कॅनर लावा. त्याला द्यावे लागणारे हजार-दोन हजार या सगळ्या व्यवहारातले सर्वांत फायद्याचे पैसे असतात.

कुठं हात जोडून परत फिरायचं

पाण्यात बुडालेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको. मुंबईचा २००५ चा पूर, कोल्हापूर-सांगलीचा २०१९ चा, चिपळूणचा २०२१ चा : प्रत्येक पुरानंतर धुऊन-पुसून चकचकीत केलेल्या गाड्या लांबच्या गावांत विकायला येतात. सीट बेल्ट अगदी शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या पट्ट्यावर मातीची रेघ सापडते, कारण तिथपर्यंत कोणी धूत नाही. सीटखालच्या पट्ट्यांवरचा गंज आणि गालिच्याखालचा कुबट वासही चुगली करतात. अशा गाडीच्या वायरिंगचा त्रास वर्षानुवर्षं पुरतो.

किनाऱ्यावरच्या गाडीत खालचा पत्रा बघा. रत्नागिरी-मालवणकडच्या खारट हवेत गाडी कमी चालली म्हणून वाचत नाही. दाराच्या खालच्या कडा आणि चेसिस खाल्लं असेल, तर इंजिन कितीही गोड चालो, उपयोग नाही.

टॅक्सी परमिटवर चाललेली आणि नंतर पांढऱ्या पाटीवर आणलेली गाडी ओळखायला आरसीचा इतिहास आणि वाहन पोर्टल बघा. टूरवाल्यांच्या जुन्या इनोव्हा तीन-चार लाख किलोमीटर सहज जातात, हे खरं. पण जातात त्या देखभालीवर. जुन्या २.५ लिटर डिझेल इनोव्हाला टायमिंग बेल्ट आहे आणि तो वेळेत बदलावाच लागतो. तो तुटला तर व्हॉल्व्ह आणि पिस्टन एकमेकांवर आदळून इंजिन उघडायची वेळ येते. बेल्ट बदलल्याचं बिल नसेल तर तो बदललेला नाही असंच धरायचं. स्विफ्टच्या १.२ पेट्रोल इंजिनाला चेन आहे, तिथं ही चिंता बरीच कमी. पण चेनही वाईट ऑइलवर ढिली होते आणि थंड इंजिनात खळखळते.

बीएस-६ डिझेल गाडी फक्त शहरात फिरली असेल तर किलोमीटर कमी असूनही धोका जास्त. तिच्या सायलेन्सरच्या मार्गातला काजळी अडवणारा फिल्टर स्वच्छ व्हायला लांब, सलग धाव लागते. ती न मिळाल्यानं तो तुंबतो आणि बदलायचा खर्च डोळे पांढरे करतो. लाखावर गेलेल्या ऑटोमॅटिक गाडीबाबतही, गिअरबॉक्सच्या कामाची बिलं आणि चाचणी दोन्ही चोख असल्याखेरीज, हात आखडता घ्या. सीएनजी गाडीत किट आरसीवर चढलंय का, आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट झाली आहे का, हे विचारा.

आणि कागद. कर्ज फिटलं असेल तर बँकेचा फॉर्म ३५ आणि ना हरकत पत्र, हस्तांतरणाला फॉर्म २९ आणि ३०, थकलेली ई-चलानं भरल्याची खात्री. परराज्यातल्या गाडीला फॉर्म २८ चं ना हरकत पत्र आणि इथला रोड टॅक्स वेगळा. दिल्लीकडे जुन्या गाड्यांवर बंधनं आल्यापासून तिकडच्या गाड्या स्वस्तात इकडे येतात. त्यांच्या भावात हा कर मिळवूनच तुलना करा. विमा चौदा दिवसांत आपल्या नावावर करायला टाका. विक्रेत्याचा नो क्लेम बोनस तुम्हाला मिळत नाही, तो त्याच्याकडेच राहतो.

भाव कसा करायचा

पुन्हा त्या दोन स्विफ्टकडे येऊ. आकडे फक्त हिशेबासाठी धरू : पुण्यातली साडेचार लाख मागतात, नागपूरची तीन लाख साठ हजार. फरक नव्वद हजारांचा. नागपूरच्या गाडीत मेकॅनिकनं यादी काढली : क्लच सेट दहा हजार, टायर अठरा, पुढचं सस्पेन्शन बारा, प्लग-बेल्ट-कूलंट-ऑइल मिळून आठ, बॅटरी पाच. एकूण त्रेपन्न हजार. एवढे घालूनही तुम्ही सदतीस हजारांनी खाली आहात, आणि क्लच, टायर, बॅटरी सगळं नवं आहे. पुण्याच्या गाडीचे टायर मूळचेच असतील, तर आठ वर्षांचे झाल्यानं तेही आज ना उद्या बदलायचेच आहेत. यादी एक लाख दहा हजारांची निघाली असती, तर हाच हिशेब उलटा पडला असता. म्हणून यादी आधी, भाव नंतर. आणि ती यादी विक्रेत्यासमोर ठेवूनच बोलणी करायची. "रनिंग जास्त आहे, कमी करा" यापेक्षा "क्लच आणि टायर मिळून अठ्ठावीस हजार आहेत" हे वाक्य जास्त पैसे वाचवतं.

शेवटी गाडी तुम्हाला किती चालवायची आहे, यावर सगळं येऊन ठेपतं. महिन्याला चारशे-पाचशे किलोमीटर, म्हणजे वर्षाला पाच-सहा हजार फिरणाऱ्या घराला, बिलांसकट आलेली सव्वा लाख चाललेली पेट्रोल गाडी खुशाल घ्यावी. पाच वर्षांत ती दीड लाखाच्या आसपास पोहोचेल आणि नीट सांभाळलेल्या इंजिनाला ते मुळीच अवघड नाही. रोज शंभर किलोमीटर ये-जा करणाऱ्यानं मात्र तीच गाडी घेऊ नये. वर्षाला तीस हजारांच्या वेगानं ती दोन-तीन वर्षांत दोन लाखांपार जाईल आणि विकायला काढाल तेव्हा गिऱ्हाईक मिळणार नाही. दोघांनीही खिशातली सगळी रक्कम खरेदीत घालू नये. आठवा हिस्सा बाजूला ठेवावा. चार लाखांचं बजेट असेल तर गाडी साडेतीन लाखांपर्यंतची बघावी. उरलेले पैसे पहिल्या सहा महिन्यांत गॅरेजवाला मागणारच आहे, आणि ते हाताशी असले तर मीटरवरच्या सहाव्या आकड्याची भीती निम्मी होते.